ओटीचा नारळ

माफी तर मागायची आहे, पण कुणाची मागायची ते माहीत नाही, अशा पेचात सापडलेलं एक अख्खं हॉस्पिटल मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगच्या शिपयार्डपासून बसच्या चार थांब्यांवर ते होतं, आणि तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये मी फायली लावायचे. नवरा शिपयार्डात मरीन इंजिनीअर, म्हणून मी कोल्हापूर सोडून तिकडे पोचलेली. बी.एस्सी. झालेली होते, फ्लॅटच्या भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा फायलींशी बोललेलं बरं, म्हणून नोकरी धरली. माझा स्वभाव तापट आहे, हे आत्ताच सांगून टाकते. रेकॉर्ड रूममध्ये त्याचा कुणाला त्रास व्हायचा नाही, कारण फायली उलट बोलत नाहीत.

नव्वदीच्या दशकात मध्येच कधीतरी आमचं हॉस्पिटल एका दूरच्या, थंड देशातल्या कंपनीने विकत घेतलं. आधी कपांचा रंग बदलला, मग लेटरहेड बदललं, आणि मग फॅक्समधून परिपत्रकं यायला लागली. जिना कसा उतरावा, फोनवर 'गुड मॉर्निंग' किती वाजेपर्यंत म्हणावं, सगळ्याचं परिपत्रक. त्यातलंच एक असं आलं, की कंपनीच्या प्रत्येक हॉस्पिटलने आपापल्या देशातल्या मूळ रहिवाशांशी समेट करावा. त्यासाठी समिती नेमावी, आरोग्यसेवेत त्यांच्यावर आजवर झालेल्या अन्यायाबद्दल जाहीर माफी मागावी, आणि समारंभाचे फोटो सहा आठवड्यांत पाठवावेत.

त्यांच्या देशात ते हवंच होतं. तिथल्या मूळ माणसांना हॉस्पिटलांनी कसं वागवलं, ते मी नंतर थोडंफार वाचलं, आणि वाचून मला राग आला. पण परिपत्रकाला देश कळत नाही. ते जसंच्या तसं आमच्या फॅक्समधून बाहेर पडलं आणि आमच्या ॲडमिनिस्ट्रेटरांच्या टेबलावर जाऊन बसलं. हे गृहस्थ चिनी, अतिशय नीटनेटके, स्वभावाने सज्जन आणि हेड ऑफिसला भिऊन असणारे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"यू इंडियन, राइट?" त्यांनी विचारलं. परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर, कुठल्याशा जुन्या कायद्याच्या संदर्भात, 'इंडियन' हा शब्द आला होता. त्यांनी त्याखाली रूळ लावून रेघ मारलेली होती.

"सर, मी कोल्हापूरची इंडियन आहे. हे वेगळे इंडियन. त्यांचा नि आमचा काही संबंध नाही."

"इंडियन इज इंडियन, ला. यू आर इन कमिटी."

हे 'ला' म्हणजे तिथल्या इंग्रजीचं शेपूट, कुठल्याही वाक्याला लागतं. अशी मी समितीत गेले. तिसऱ्या सभासद आमच्या मेट्रनबाई. त्या मलाय, पन्नाशीच्या, आणि त्यांच्यापुढे मोठमोठे सर्जन आवाज खाली आणत.

पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, की सिंगापूरचे मूळ रहिवासी कोण. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणाले, माझे आजोबा चीनहून आले. मी म्हटलं, मी तर विमानाने आले. दोघांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं.

"कायद्यात आम्हा मलाय लोकांनाच मूळचे म्हटलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुलापलीकडे, मलेशियात, आम्हाला बुमिपुत्रा म्हणतात."

मी खुर्चीतून उडालेच. आपल्याकडच्या भिंतींवर रंगवलेला 'भूमिपुत्र' मी लहानपणापासून वाचत आले होते. घरदार सोडून समुद्र ओलांडला, तर हा आधीच येऊन बसलेला.

"पण माझे आजोबा जावाहून आले," मेट्रनबाई पुढे म्हणाल्या, "आणि मी समितीत आहे. म्हणजे आता मी माझीच माफी मागायची का?"

ॲडमिनिस्ट्रेटरांनी ते लिहून घेतलं. विचार करून म्हणाले, तसं करता येणार नाही, हितसंबंध आड येतात. मग त्यांनी सगळ्या स्टाफला एक छापील फॉर्म वाटला: आपण मूळ रहिवासी आहात का? हो किंवा नाही, आणि असल्यास तपशील. डॉक्टरांनी 'लागू नाही' लिहून परत पाठवला. एका फिलिपिनो नर्सने लिहिलं, 'अजून नाही, पण अर्ज केला आहे.' तिला वाटलं, पी.आर.बद्दल, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवान्याबद्दल विचारतायत. कॅन्टीनच्या आचाऱ्याने लिहिलं, 'हो, पण पोर्क शिजवणार नाही.' त्याला मेट्रनबाईंनी बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, फॉर्म आला म्हणजे काहीतरी नवीन काम देणार असं वाटलं.

दरम्यान भिंतीवर लावायच्या पाटीचं काम निघालं. त्यावर इथल्या भाषेतलाही एक शब्द असावा, अशी ॲडमिनिस्ट्रेटरांची इच्छा. मला मलाय बाजारात भाजी घेण्याइतकीच येत होती, पण तिच्यात आपले पुष्कळ शब्द सापडतात हे माहीत होतं. मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, 'सेवा' घाला, चालेल. नमुना तयार होऊन आला तेव्हा मेट्रनबाई हसून हसून खोकायला लागल्या. मलायमध्ये 'सेवा' म्हणजे भाडं. आमच्या हॉस्पिटलने मोठ्या नम्रपणे जाहीर केलं होतं, की आम्ही आपल्याकरता भाड्याने मिळू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नमुना माझ्याच कपाटात ठेवला गेला.

माणूस मात्र मिळेना. फोटोंची तारीख जवळ येत चालली, आणि ॲडमिनिस्ट्रेटर दिवसेंदिवस वाळायला लागले. एक दिवस मी समारंभासाठी टेबलक्लॉथ मागायला तळमजल्यावरच्या लिननच्या खोलीत गेले. तिथे एक मकचिक काम करायची. मकचिक म्हणजे मलायमध्ये मावशी. सगळे तिला तेच म्हणत. साठीची, काटकुळी, चादरीची घडी अशी घालायची की कोपऱ्याने बोट कापावं. मला ती 'नाक' म्हणून हाक मारी, शेवटचा क अर्धा गिळून. पहिली दोन वर्षं मी मनात चिडायचे, की हिला माझ्या नाकाशी काय करायचंय. ते मलायमधलं 'बाळ' आहे, हे मेट्रनबाईंनी सांगितल्यावर मला माझीच लाज वाटली.

"टेबलक्लॉथ कशाला?" तिने विचारलं. ती मलाय आणि मोडकंतोडकं इंग्रजी मिसळून बोलायची. मी तिचं बोलणं इथे माझ्या भाषेत देते आहे.

मी सगळी रामकहाणी सांगितली. इथली अगदी पहिली माणसं शोधतायत, म्हटलं, माफी मागायला, पण मिळत नाहीत.

मकचिक हातातली चादर सोडून मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मग खिडकीतून उत्तरेकडे, शिपयार्डच्या क्रेनांच्या पलीकडे बोट दाखवलं. "माझी आई तिथे बाळंत झाली. त्या खाडीत. होडीत."

तिचे लोक समुद्राची माणसं. पिढ्यान्‌पिढ्या खाडीतल्या होड्यांतच राहणारी, खारफुटीत मासे-खेकडे धरणारी. पुढे बंदर वाढलं, खाड्यांना बांध पडले, माणसं फ्लॅटमध्ये गेली. ओळखपत्रावर त्यांना मलाय लिहिलं गेलं आणि विषय संपला. मकचिक आता नवव्या मजल्यावर राहायची आणि तिच्या खिडकीतून पाणी दिसत नव्हतं. काखेत कळसा आणि आम्ही गावभर फॉर्म वाटत होतो.

ॲडमिनिस्ट्रेटरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला स्वतःच्या केबिनमध्ये खुर्ची दिली. तिला वाटलं, आपल्याला काढून टाकतायत. ती कडेला टेकून बसली.

"मकचिक, हॉस्पिटलला तुमची माफी मागायची आहे," ते म्हणाले.

"काय केलंत?"

ॲडमिनिस्ट्रेटरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"ते... तेच तुम्ही सांगावं, अशी आमची विनंती आहे," असं म्हणून त्यांनी तिच्यासमोर फॉर्म ठेवला. त्यात 'अन्यायाचे स्वरूप' असा रकाना होता आणि त्यापुढे तीन ओळी मोकळ्या.

मकचिक फॉर्म घरी घेऊन गेली. दोन दिवसांनी कोराच परत आणला. काही नाही, म्हणाली, तुम्ही माझ्याशी चांगलेच वागता. ॲडमिनिस्ट्रेटरांचा चेहरा पडला. त्यांनी अक्षरशः हात जोडले. काहीतरी असेल हो, आठवून बघा. तो माणूस त्या दिवशी एखादा लहानसा अन्याय भीक म्हणून मागत होता.

मग मकचिकने मांडीवर हात ठेवले आणि म्हणाली, "झालेलं काही नको. होणारं आहे, ते सांगू का? माझ्या मुलीचे दिवस भरलेत. ती इथेच बाळंत होणार. बाळाची उरी मला द्या."

'उरी' म्हणजे बाळामागून पडते ती वार. आपल्याकडे उरी म्हणजे छातीशी, म्हणून मला आधी वाटलं, बाळाला छातीशी धरू द्या म्हणतेय. यात परवानगी कशाला? मेट्रनबाईंनी समजावलं. वार म्हणजे बाळाचं भावंड. नऊ महिने सोबत केलेलं. तिला धुऊन, मीठ-चिंच लावून, मडक्यात घालून मातीत द्यायची. मकचिकच्या घरची रीत अशी, की ओहोटीला खारफुटीच्या चिखलात द्यायची, म्हणजे भरतीचं पाणी तिला ओळखतं आणि पोराला कधी बुडवत नाही. पूर्वी मलाय बायकांना वार मागितली की गुपचूप दिली जायची. नव्या कंपनीच्या नियमावलीत ते बंद झालं होतं. वार पिवळ्या पिशवीत, पिशवी कंत्राटदाराच्या गाडीत, आणि गाडी जाळायच्या कारखान्यात.

"दुसरं काही?" ॲडमिनिस्ट्रेटर म्हणाले. "पाटी लावू. झाड लावू. तुमच्या नावाचं बाक ठेवू."

"उरी," मकचिक म्हणाली.

त्यांनी खरोखरच हेड ऑफिसला फॅक्स केला. एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते मी स्वतः फाईलला लावलं आहे. मानवी ऊती हा वैद्यकीय कचरा असून त्याला कोणताही अपवाद करता येणार नाही. समेटाचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पाडावा.

मी त्या दिवशी घरी जाऊन भांडी आपटली. नवऱ्याने पेपर जरा वर धरला. आठ वर्षांच्या मुलाने विचारलं काय झालं, म्हणून त्याला सांगितलं, तर म्हणाला, "ईऽऽ, व्हाय मस्ट बरी? सो डर्टी, ला." पुरायची कशाला, म्हणे. त्याला काय बोलणार? तो याच हॉस्पिटलात जन्मला होता, जुन्या मालकांच्या काळात, आणि तेव्हा त्याच्या वारेचं काय झालं ते मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

माझी स्वतःची, मी जन्मले तेव्हाची वार कोल्हापूरला आमच्या न्हाणीघरामागे पुरलेली आहे. वर दगड ठेवलेला, मांजर उकरू नये म्हणून. मुलगा झाल्यावर आईचं पत्र आलं, त्यात पहिला प्रश्न वजनाचा आणि दुसरा, वार कुठे पुरलीत? आता काय लिहू? मी लिहिलं, हॉस्पिटलच्या बागेत, आंब्याखाली. बागेत आंबा नव्हता. फार काय, बागच नव्हती, पार्किंग होतं. आई खूश झाली. पुढच्या पत्रापासून तिने त्या झाडाची विचारपूस सुरू केली. पाणी घालतेस ना? मोहोर आला का? एका वर्षी मी लिहून बसले की आला. मग तिने विचारलं, लोणच्यापुरत्या कैऱ्या मिळतील का. आठ वर्षं मी आईला नसलेल्या झाडाची खबर कळवत होते. माझ्या पोराबरोबर नऊ महिने राहिलेलं काहीतरी मी वळून न बघता सोडून आले होते. म्हणून हेड ऑफिस मकचिकला नाही म्हणालं तेव्हा इतका संताप आला. तो निम्मा माझ्यावरच होता.

समारंभाची तयारी मात्र जोरात चालली. माझ्याकडे 'इंडियन शुभवस्तू' सोपवलेली होती. मी मातीच्या मडक्यात नारळ ठेवायचं सुचवलं. ॲडमिनिस्ट्रेटरांनी इतिवृत्तात नोंद केली: मडके एक, नारळ एक, इंडियन सभासदाकडून, समारंभात मूळ रहिवासी प्रतिनिधीला अर्पण. आमच्याकडे हॉस्पिटलबाहेर टाचणी न्यायची तरी गेटपास लागे, म्हणून त्यांनी समारंभाच्या तारखेचा गेटपासही करून ठेवला. 'कापडाने झाकलेल्या मडक्यात नारळ एक. सोबत समितीची इंडियन सभासद.' खाली सही आणि शिक्का.

समारंभ अकराला होता. त्याच दिवशी पहाटे मकचिकच्या मुलीला कळा सुरू झाल्या. मकचिक धावपळ करत होती, आणि ॲडमिनिस्ट्रेटर तिच्या मागे मागे, तुम्ही अकराला खाली याल ना, याल ना, करत. दहाच्या सुमाराला मेट्रनबाई माझ्या रेकॉर्ड रूममध्ये आल्या आणि दार लावून घेतलं.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत," त्या म्हणाल्या. "पिशवी अजून माझ्या ताब्यात आहे. गाडी बाराला येते."

मी टेबलाकडे पाहिलं. मडकं, त्यात नारळ, पांढरं फडकं, आणि शेजारी गेटपास. मी त्यातला 'नारळ' शब्द मनात मराठीत वाचला आणि मला एकदम दिसलं, की मधला 'र' काढला तर उरते ती नाळ. एका अक्षराचा तर फरक. मेट्रनबाईंना हे समजावणं शक्य नव्हतं, पण मी नारळ उचलून फायलींच्या कपाटात ठेवला आणि रिकामं मडकं त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्या समजल्या. वीस मिनिटांनी मडकं परत आलं. धुऊन, मीठ-चिंच लावून, कापडाने बांधून. मीठ-चिंच त्यांनी कॅन्टीनच्या आचाऱ्याकडून मागवली होती, आणि त्याने कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

आमचा बेत साधा होता. समारंभ चालू असताना मडकं कोपऱ्यात राहील, नंतर मी ते घेऊन फाटकाबाहेर पडेन. पण हेड ऑफिसहून एक बाई आल्या होत्या. उंच, मनाने खूप चांगल्या, आणि डोळे सुरुवातीपासूनच भरलेले. कॅन्टीनमध्ये बॅनर लागला होता, त्यावरच्या समेटाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर कमी होतं. ॲडमिनिस्ट्रेटरांनी वकिलाने तपासलेली दोन पानी माफी वाचली. झालेल्या अथवा न झालेल्या, ज्ञात किंवा अज्ञात, कोणत्याही अन्यायाबद्दल, तो झाला आहे असे मान्य न करता, हॉस्पिटलला मनःपूर्वक खेद होता. मकचिक समोर खुर्चीवर बसली होती. तिचं सगळं लक्ष छताकडे होतं, कारण वर नात होती.

"ओके," माफी संपल्यावर ती म्हणाली. "फिनिश?"

"नाऊ द कोकोनट," ॲडमिनिस्ट्रेटर म्हणाले, आणि मी काही करायच्या आत स्वतः कोपऱ्यात जाऊन दोन्ही हातांनी मडकं उचललं. "वा, हेवी," ते पुटपुटले.

हेड ऑफिसच्या बाईंनी मडक्याला हात लावला. "कोमट आहे!"

"उन्हात ठेवलं होतं," मी म्हटलं. त्या कॅन्टीनला खिडकी नव्हती.

"मी वाचलंय, भारतात नारळ फोडतात," बाई म्हणाल्या. "फोडूया ना. फोटो छान येईल."

हे ऐकून फाटकावरचा सिक्युरिटी गार्ड, जो एरवी हाका मारूनही यायचा नाही, कुठूनसा हातोडा घेऊन हजर झाला. मेट्रनबाईंनी डोळे मिटले. माझ्या तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"हा फोडायचा नारळ नाही! हा ओटीचा नारळ आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मात्र मला जोर चढला. मी इंग्रजीत ठणकावून सांगितलं, की आमच्याकडे नारळ दोन प्रकारचे. एक देवापुढे फोडायचा, दुसरा बाईच्या ओटीत घालायचा. ओटीचा नारळ असा चारचौघांत फोडला तर महाभयंकर अपशकुन. फोडणाऱ्या संस्थेचं वाटोळं होतं. हे शेवटचं मी पदरचं घातलं. हातोडा तत्काळ मागे गेला.

"मग ओटी कशी भरतात?" बाईंनी विचारलं.

आणि मी सांगितलं तसं आमच्या ॲडमिनिस्ट्रेटरांनी आपल्या इस्त्रीच्या पँटमध्ये गुडघे टेकून ते मडकं मकचिकच्या मांडीवर ठेवलं. मी कॅन्टीनमधले मूठभर तांदूळ तिच्या पदरात घातले. पदर नव्हता, तिथल्या लुंगीचा, सारोंगचा सोगा होता, पण चालतं. मकचिकने मडक्याभोवती हात घातले. तिला ऊब लागली. तिने मेट्रनबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला कळलं. तिने मडकं पोटाशी आवळून धरलं आणि घळाघळा रडायला लागली. ॲडमिनिस्ट्रेटरांचा हात धरून ती पुन्हापुन्हा 'तेरिमा कासिह, तेरिमा कासिह' म्हणत राहिली. म्हणजे तुमचे आभार, तुमचे आभार. ते बिचारे भांबावले आणि तेही रडले. हेड ऑफिसच्या बाई तर हुंदके द्यायला लागल्या. त्या दोन पानी माफीत एवढी ताकद असेल, असं ती तपासणाऱ्या वकिलालाही वाटलं नसेल. तो फोटो पुढे कंपनीच्या बातमीपत्रात पहिल्या पानावर आला. 'समुद्राच्या माणसांचा पारंपरिक नारळ' असं त्याखाली छापलं होतं.

फाटकावर त्याच गार्डने गेटपास तपासला. नारळ एक, इंडियन सभासद एक. जा म्हणाला.

सेम्बावांगच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो, मडकं तिच्या मांडीवर. भर दुपार होती, ओहोटी लागलेली. यार्डाच्या कुंपणापलीकडे खारफुटीचा एक पट्टा अजून उरला होता. मकचिकने सारोंग वर खोचला, चपला माझ्याकडे दिल्या आणि पोटरीभर चिखलात चालत गेली. मुळांच्या मधोमध हाताने खड्डा केला. बराच वेळ वाकून काहीतरी बोलत होती. मग चिखल सारखा केला, पाण्याने हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन दगडावर बसली. मला फार बरं वाटलं. आणि हेवाही वाटला, तो लपवण्यात अर्थ नाही.

"तुझा मुलगा आपल्याच हॉस्पिटलातला ना, नाक?" तिने विचारलं. "किती वर्षांचा?"

"आठ."

ती बोटं मोजल्यासारखा अंगठा फिरवत राहिली.

"तेव्हा मी लिननमध्ये नव्हते," ती म्हणाली. "तेव्हा मागच्या बाजूला भट्टी होती. हॉस्पिटलची स्वतःची. बाळंतिणींच्या खोलीतल्या बादल्या सकाळी मी खाली न्यायचे. दहा वर्षं तेच काम केलं. ज्यांनी मागितली नाही, त्यांची सगळी मीच भट्टीत घातली." तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात अजून ओले होते. "तुझ्या मुलाचीही मीच घातली असणार. माफ, नाक."

मलायमध्येही माफ म्हणजे माफच. मी रडत होते, आणि माझ्या हातात तिच्या चपला होत्या.

"तू काय करणार होतीस, मकचिक," मी कसंबसं म्हटलं. "मी मागितलीच नव्हती."

"पण मी अशीच नाही टाकली," ती घाईने म्हणाली. "एकही नाही. प्रत्येकीशी बोलले. म्हणायचे, घाबरू नकोस, जा. तुझं बाळ वर आहे, आई त्याला दूध पाजतेय, दोघं चांगली आहेत."

मी मान हलवली.

"मलायमध्येच बोलले पण," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. "मला दुसरी भाषा येत नाही. तुझ्या मुलाच्या वारेला कळलं असेल ना?"

"कळलं असेल," मी म्हणाले.